भेटायला जायचं, पण सांगायचं का?

शाळा-कॉलेजांत बोलायला बोलावतात तेव्हा शेवटचा थोडा वेळ मी चिठ्ठ्यांसाठी राखून ठेवते. नाव घालायचं नाही, मनात असेल ते लिहून डब्यात टाकायचं. अभ्यास, मोबाईल, ब्रेकअप, आई-वडिलांची भांडणं हे असतंच. पण गेल्या काही वर्षांत एक चिठ्ठी जवळजवळ प्रत्येक डब्यात निघते : ‘मला मुलीच आवडतात. घरी सांगायलाच पाहिजे का? नाही सांगितलं म्हणजे मी सगळ्यांना फसवतेय का?’ मुलगेही हेच विचारतात. आणि कधी कधी त्या प्रश्नाला घाई चिकटलेली असते. आजी आता फार दिवसांची नाही, तिने मला खरं ओळखून जावं असं वाटतं, सांगून टाकू का?

या घाईच्या प्रश्नाला व्यासपीठावरून उत्तर देणं मला जमत नाही. म्हणून मृण्मयीबद्दल लिहितेय. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती आता सज्ञान आहे, हा मजकूर तिने वाचला आहे आणि तिला नको होता तो भाग मी काढला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तिची आई तिला घेऊन सांगलीला माझ्याकडे आली. बारावी सायन्स, दहावीला उत्तम मार्क, आणि आता जेवत नाही, रात्री जागते, पुस्तक उघडून तासन्‌तास एकाच पानावर बसते. “मॅडम, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय, हिला जरा समजवा,” आई म्हणाली. अल्पवयीन मुलं येतात तेव्हा पहिल्याच भेटीत पालकांसमोर मी एक गोष्ट स्पष्ट करते. मुलीच्या जिवाला धोका आहे किंवा कुणी तिला त्रास देतंय असं दिसलं, तर मी तुम्हाला सांगणार. बाकी ती जे बोलेल ते तिचं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. मृण्मयीची आई थोडी नाराज झाली, पण मान हलवून बाहेर बाकावर जाऊन बसली.

आत आल्यावर मृण्मयी बराच वेळ नखं बघत बसली. मग म्हणाली, “माझी आत्या पुण्यात आजारी आहे. शेवटचं चाललंय म्हणतात. आमच्याकडे तिचं नाव काढत नाहीत.”

शुभाआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. बँकेत नोकरी, लग्न केलेलं नाही, कितीतरी वर्षांपासून वंदना नावाच्या मैत्रिणीबरोबर पुण्यात राहते. घरात सगळ्यांना सगळं कळत होतं, पण बोलायचं नाही हा नियम होता. आजोबा गेले तेव्हा ती वंदनालाही घेऊन गावी आली. तेराव्याला नातेवाइकांत कुजबुज झाली आणि मृण्मयीचे वडील बहिणीला म्हणाले, “पुढच्या वेळी एकटी येत जा.” त्यानंतर ती आलीच नाही. तेव्हा मृण्मयी पहिली-दुसरीत होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही, त्या एका वाक्यावर दहा वर्षांचा अबोला झाला. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत नाती बहुतेक वेळा अशीच तुटलेली असतात.

दहावीनंतर मृण्मयीने फेसबुकवर आत्याला शोधून काढलं होतं. रिक्वेस्ट पाठवली नाही. नुसते फोटो बघायची आणि हिस्टरी पुसून टाकायची. गॅलरीतल्या कुंड्या, एक बोका, दोघी सिंहगडावर भजी खाताना. “दोन बायकांचं असं साधं घर असू शकतं, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं,” ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघता, “मीपण तशीच आहे. आत्यासारखी.”

तिची अडचण तिने स्वतःच नीट मांडली. भेटायला जायचं म्हटलं की घरचे विचारणार, तुला एवढा पुळका का? तिथून ओळखतील. आणि गेलेच, तर आत्याला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. न सांगता परत आले तर ती मला न ओळखताच जाईल. सांगितलं तर मरता मरता तिच्या डोक्याला ताप.

त्या दिवशी आधी मी दुसरंच विचारलं. मरून जावंसं वाटतं का? हे सरळ विचारायला पालकच काय, शिक्षकही घाबरतात, नसतं काही डोक्यात भरेल म्हणून. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही. आधीपासून असेल तर बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, “झोपेतून उठूच नये असं वाटतं. पण काही करायचं असं नाही ठरवलेलं.” आम्ही एका कागदावर लिहून काढलं, रात्री फारच वाईट वाटलं तर कुणाला उठवायचं, कोणत्या मैत्रिणीला फोन करायचा, आणि कुणीच नाही मिळालं तर १४४१६. ही सरकारची टेलीमानस सेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या भेटीत मी तिला एकच प्रश्न दिला. आत्या गेल्यावर तुला कशाचं जास्त वाईट वाटेल, सांगितलं नाही याचं की भेटले नाही याचं? ती पटकन म्हणाली, “भेटले नाही याचं.” मग आधी भेटीचं बघू, असं मी म्हटलं. भेटणं आणि सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या मनात त्यांची गाठ इतकी घट्ट बसली होती की सांगायची भीती वाटते म्हणून ती भेटीलाच मुकणार होती. घाईत असलेल्या बहुतेक मुलांचं हेच होतं. मरण जवळ आलं की वाटतं, आत्ताच सगळं बोलून मोकळं व्हायला हवं. मला ते पटत नाही. माणूस जवळ आहे तोवर त्याच्या उशाशी बसता येतं, हात धरता येतो, जुनं काही विचारता येतं. आपल्याबद्दलची सगळी माहिती त्याला दिली नाही म्हणून ती भेट खोटी ठरत नाही.

भेटीसाठी आई-वडिलांना राजी करायला हवं होतं. आई एकटी भेटायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, “आमच्या नणंदबाईंचं तुम्हाला कळलंच असेल. अशा घरात गेल्यावर मुलीच्या मनावर काही परिणाम होणार नाही ना?” हा प्रश्न मला नवा नाही, आणि मुलीचं काही उघड होऊ न देता त्याचं उत्तर द्यायचं होतं. प्रत्येक पालकाला सांगते तेच त्यांना सांगितलं. कुणी समलैंगिक नातेवाइकाच्या सहवासाने समलैंगिक होत नाही, जसं सरळ, म्हणजे भिन्नलिंगी ओढ असलेल्या, आई-वडिलांच्या घरात वाढून सगळी मुलं सरळ होत नाहीत. हा आजार नाही, हे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ सालीच जाहीरपणे सांगितलंय. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा फास काढला. ‘बदलून देतो’ म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलंय. पण एवढ्या वर्षांनी आत्याचा चेहरा शेवटचा बघू दिला नाही, ही गोष्ट मात्र मुलगी आयुष्यभर लक्षात ठेवेल, असंही मी म्हटलं. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, “माझं काही नाही हो. यांना लोकांची भीती वाटते. आता गेलो तर म्हणतील, फ्लॅटसाठी आले.”

ही भीती अगदीच निराधार नव्हती. अविवाहित हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई-वडील, आणि ते नसतील तर वडिलांचे वारस म्हणजे भाऊ-बहीण यांच्याकडे मालमत्ता जाते. वीस वर्षं संसार केलेली जोडीदार त्या यादीत कुठेच नसते. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं तरी नॉमिनी मालक होत नाही. म्हणून अशी जोडपी माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी विचारते, मृत्युपत्र केलंय का? दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. शुभाताईंनी ते वेळेत केलं होतं, हे नंतर कळलं.

वडील कबूल झाले, कसे ते मला माहीत नाही. आम्ही तयारीला लागलो.

मुलांना मरणाऱ्या माणसाजवळ पाठवायचं तर काय दिसणार ते आधी सांगावं, या मताची मी आहे. शुभाताईंना अंडाशयाचा कॅन्सर होता. पोट फुगणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, अशी लक्षणं ॲसिडिटीच्या नावावर खपून जातात आणि निदान बहुतेक वेळा उशिरा होतं. त्यांचंही तसंच झालं. मी मृण्मयीला सांगितलं : हातपाय काड्यांसारखे झालेले असतील, पोट मात्र पाणी साठून मोठं असेल. केस नसतील किंवा नुकते उगवत असतील. मॉर्फीनमुळे मध्येच गुंगी येईल, बोलता बोलता झोपेल, कधी भलतंच बोलेल. खोलीला औषधांचा वास असेल. रडू आलं तर रडायचं, पळून जायची गरज नाही. हाताला काही काम असलं की बसणं सोपं जातं, म्हणून पायांना तेल लावू का, ओठांना ओलं बोट फिरवू का, असं विचारायचं. सोबत काय नेऊ म्हणाली, तर घरातल्या अल्बममधून तिनेच एक फोटो शोधला. तिच्या बारशाचा. नऊवारी नेसलेली तरणी आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगतेय. मृण्मयी हे नाव तिनेच सुचवलेलं.

सांगायचंच झालं तर, याबद्दलही आम्ही बोललो. त्या खोलीत आणखी कोण असेल? ऐकलेलं बाहेर गेलं तर घरी काय होईल? शिक्षण, राहणं, पैसे सगळं आई-वडिलांच्या हातात असताना हे प्रश्न भित्रेपणाचे नसतात. आणि आत्याने तुला हवी तशी प्रतिक्रिया नाही दिली तर? या शेवटच्या प्रश्नावर ती हसली. “आत्या? ती कशाला तसं करेल?”

पहिल्या खेपेला वडील वर गेलेच नाहीत. गाडी लावायला जागा नाही म्हणाले आणि खालीच थांबले. वंदनामावशीने दार उघडलं, मृण्मयीला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, “शुभा, बघ कोण आलंय, तुझं नाक घेऊन आलंय.” थोड्या वेळाने मावशी स्वतः जिना उतरून खाली गाडीपाशी चहा देऊन आल्या. त्या भेटीत आत्या-भाची फार बोलल्या नाहीत. फोटो बघून आत्या म्हणाली, “ही साडी आईची होती.” मृण्मयीने तिच्या पायांना तेल लावलं. पावलं सुजली होती, दाबलं की खड्डा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. हा तपशील तिने मला पुन्हा पुन्हा सांगितला. काहीही न सांगता परत आली आणि त्या रात्री पोटभर जेवली, असं आईचा फोन आला.

दुसऱ्या खेपेला वडील वर गेले. बहिणीशी काय बोलले ते मला ठाऊक नाही. मग ते आणि वंदनामावशी औषधं आणायला बाहेर पडले. आत्या जागी होती. मृण्मयीने आम्ही ठरवल्याप्रमाणे आधी विचारलं, “एक सांगू? दमली असशील तर नको.” आणि सांगितलं.

आत्याचा चेहरा पडला. तिने पहिलं विचारलं, “दादाला माहीत आहे?” मग, “मोबाईलमध्ये काही ठेवत नाहीस ना?” मग, “बारावी होऊ दे आधी. कुणाला काही बोलू नकोस.” तेवढ्यात पावलं वाजली आणि विषय संपला.

मृण्मयी माझ्याकडे आली ती संतापूनच. “तिने मला जवळसुद्धा घेतलं नाही. सगळं जग एकीकडे, पण ती तरी...” पुढे तिला बोलता येईना. मी तिला गप्प केलं नाही, समजूतही घातली नाही. नंतर, पुढच्या वेळी, आम्ही आत्याच्या वयाचा हिशोब मांडला. शुभाताई विशी-पंचविशीत असताना, डिसेंबर १९९८ मध्ये, दोन बायकांच्या प्रेमावरचा सिनेमा लागला म्हणून मुंबईत चित्रपटगृहाची तोडफोड झाली होती. त्याच सुमारास घरच्यांनी त्यांना एका डॉक्टरकडे नेऊन गोळ्या सुरू केल्या होत्या, हे मृण्मयीला मावशींकडून कळलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ते ऐकल्यावर त्या बाईला आधी काय आठवलं असेल? प्रेम नव्हतं असं नाही, भीती आधी धावून आली. मृण्मयीला हे पटलं की नाही, मी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी तिला वंदनामावशीच्या फोनवरून व्हॉइस मेसेज आला. तिच्या परवानगीने त्यातला तुकडा इथे देते. आवाज खोल गेलेला, मध्ये मध्ये थांबा. “मनू, त्या दिवशी मी घाबरले. तुला जपायचं एवढंच डोक्यात आलं. मला बरं वाटलं, हे सांगायचं राहिलं. फार बरं वाटलं. घरी सांगायची घाई करू नकोस आणि नाही सांगितलंस म्हणून स्वतःला खोटी समजू नकोस. मी दादाला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला कळलं होतं, ते वेगळं. वंदना आहे इथे. तिच्याकडे येत जा.” पुढे दोघी बायका पाणी पिण्यावरून वाद घालतात आणि मेसेज संपतो.

शुभाताई जानेवारीत घरीच गेल्या. त्यांच्या दुखण्यावर शेवटपर्यंत नीट लक्ष ठेवलं गेलं. वाचकांसाठी इथे सांगून ठेवते, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या सेवेचं, केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सेवा देतंय, आणि मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. बरं होण्यासारखं काही उरलं नाही म्हणून वेदनाही सोसायला हव्यात असं मुळीच नाही. घरच्यांनी वेळेत विचारायला हवं.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ‘त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, भाची असा परिवार आहे’ एवढंच छापून आलं. वंदनाचं नाव नव्हतं. मृण्मयीने वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, “काय म्हणून लिहायचं?” त्यांचा प्रश्न खरा होता आणि आपल्या कायद्यातही त्याचं उत्तर नाही. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यायला सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. पण दहाव्याला वडिलांनी वंदनामावशीला स्वतः फोन करून बोलावलं. पिंड ठेवले, कावळा शिवेना. नातेवाईक एकेक करून हात जोडून बोलू लागले. वडील पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शुभे, वंदनाला त्या घरातून कुणी हलवणार नाही. मी आहे.” तरीही कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मृण्मयीला त्याचं वाईट वाटलं होतं. मला विचाराल तर कावळ्यापेक्षा ते वाक्य मोठं आहे.

त्यानंतरचे आठवडे तिला सगळ्यात जड गेले. आई-वडिलांचं दुःख लोकांना समजतं. दहा वर्षं न भेटलेल्या आत्यासाठी बारावीची मुलगी एवढी का रडते, हे कुणाला समजत नाही. “पुरे आता, पेपर जवळ आलेत,” असं मामीपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळे म्हणाले. तिचं नेमकं काय गेलंय ते तिला कुणाला सांगताही येत नव्हतं. घरात तिच्यासारखी असलेली एकुलती एक व्यक्ती गेली होती, आणि तीही मिळाल्या मिळाल्या. अशा मुलांना मी रडण्यासाठी जागा आणि वेळ ठरवून देते, कारण उघड रडायची सोय नसते. मृण्मयी संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो मेसेज ऐकायची. मग खाली येऊन फिजिक्स काढायची. मेसेजची एक प्रत मावशींकडे आहे, त्यामुळे तो तिच्या मोबाईलमधून गेला तरी हरवणार नाही, हे कळल्यावर तिला झोप लागायला लागली. पेपर तिने दिले. मार्क तिच्या मनासारखे नाही पडले, पुण्यात प्रवेश मिळण्यापुरते पडले.

परवा एका कॉलेजात पुन्हा तीच चिठ्ठी आली, म्हणून हे लिहायला बसले. ज्याने किंवा जिने ती लिहिली, त्यांच्यासाठी : आजीला भेटायला जा, आठवड्यातून दोनदा जा. सांगायचं की नाही ते तिथे बसल्यावर ठरव. नाही ठरलं तरी चालेल. आधी कुणाला तरी सांगायचंच असेल तर ज्याच्यावर तुझं शिक्षण आणि छप्पर अवलंबून नाही अशा माणसापासून सुरुवात कर. आणि जे आई-बाप हे वाचतायत आणि ज्यांना मुलांबद्दल कळलंय, त्यांच्यासाठी मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा अशा पालकांचाच गट २०१७ पासून काम करतोय. तुमच्यासारख्याच आई-बापांशी तिथे बोलता येतं.

मृण्मयी हॉस्टेलवर राहते आणि रविवारी वंदनामावशीकडे जेवायला जाते. घरी अजून सांगितलेलं नाही. वडील पुण्याला आले की तिला घेऊन तिथेच चहाला जातात. सध्या तिला तिच्या रूममेटला सांगायचंय, आणि कधी, कुठे, किती सांगायचं, यावर आमचं फोनवर बोलणं चालू आहे.